अकरा पुरुषांच्या बैठकीतली बाई

मी दारू प्यायचे. ‘बाई असून’ हे शब्द लोक पुढे जोडतातच, म्हणून ते मीच आधी लिहून टाकते. बाई असून प्यायचे. बंद करून आता दोन वर्षं होऊन गेली.

हे लिहून काढ, असं मला दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीतल्या लोकांनी सांगितलं. मी त्यांना तोंडावर नाही म्हणाले आणि घरी येऊन वही उघडली. माझं सगळं असंच असतं.

हे जिच्यासाठी लिहिते ती बाई बहुतेक चोरून वाचत असेल. तिला आधीच सांगते, मला कोणी मायेनं जवळ घेतलं म्हणून मी सुटले नाही. तिथली माणसं मला आवडली नाहीत. त्यांनाही मी आवडले नाही. तरी सुटले. तेव्हा ‘मला चांगली माणसं भेटली नाहीत’ ही सबब माझ्यापुढे सांगू नये.

सोमवार

आमचं घर कुरवंड्याला. नवरा दत्ता एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. मी लोणावळ्यात एका बंगल्याची देखभाल बघायचे. मालक मुंबईला, शनिवार-रविवार बंगला पाहुण्यांना द्यायचे. स्वयंपाक, चादरी, पाच बाथरूम, सगळं माझ्याकडे. सोमवारी सकाळी पाहुणे निघाले की मागे राहिलेलं सामान काम करणाऱ्या बाईचं, अशी आमच्याकडे पद्धतच आहे. अर्धा केक, शांपू, विसरलेली चप्पल. आणि बाटल्या. तळाला दोन बोटं उरलेल्या, अर्ध्या, कधी नुसत्या सील फोडलेल्या.

पहिल्यांदा का प्यायलीस, हे मला पुढे प्रत्येकानं विचारलं. डॉक्टरनं, नवऱ्यानं, बैठकीतल्यांनी. सगळ्यांना माझ्याकडून एखादं दुःख हवं होतं. नवरा मारतो का, सासू छळते का. दत्तानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. सासू माझ्या लग्नाआधीच गेली. पाच बाथरूम घासून कंबर भरून आली होती, ओट्यावर बाटली होती, घरात कोणी नव्हतं. घेतली. कंबर हलकी झाली. एवढंच कारण आहे आणि ते कोणाला पुरत नाही.

चार वर्षांत मला सगळेच वार सोमवार झाले. उरलेली दारू मी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत एकत्र करायचे. व्हिस्की, रम, व्होडका, हाताला लागेल ते. बरणी बंगल्याच्या कोठीच्या खोलीत, झाडूंच्या मागे. वास झाकायला मिसरी लावायचे. बाईच्या तोंडाला मिसरीचा वास आला तर कोणी काही म्हणत नाही. चार वर्षांत मी कुठे पडले नाही, कोणाला शिवी दिली नाही, भाकरी करपवली नाही. दारुडे म्हणजे ते, बाजारात गटाराशेजारी लोळणारे, अशी माझी पक्की समजूत होती.

काविळीची माळ

डोळे पिवळे झाले तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, कावीळ. दत्ता मला काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेला. त्यानं डोक्यावर माळ ठेवली. ती वाढून गळ्यात उतरेल तशी कावीळ उतरेल, म्हणाला. घरात तेल-तिखट बंद झालं. शेजारणी उसाचा रस घेऊन यायच्या. मी रस प्यायचे, ती माळ घालून बंगल्यावर जायचे आणि बरणीचं झाकण काढायचे.

एका रविवारी सकाळी वीस जणांचे पोहे परतताना मला भडभडून उलटी झाली. उलटीत रक्त होतं. पाहुण्यांनीच गाडीत घालून तळेगावच्या एका दवाखान्यात नेलं. गाडीची सीट खराब झाली म्हणून त्यांच्यातली एक बाई सगळ्या रस्त्यानं कुरकुरत होती, ते मला स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आली. माझ्या मुलीच्या वयाची. तिनं दत्ताला काहीतरी कागद आणायला बाहेर पाठवलं आणि पडदा ओढला.

“मावशी, दारू किती घेता?”

“तुमच्या आईला विचारता का असं?”

“ती इथे पडलेली असती तर तिलाही विचारलं असतं. हाताची बोटं पसरा.”

पसरली. बोटं माझी नसल्यासारखी हलत होती.

“ती माळ काढून ठेवा. हे बाहेरच्या पाण्यानं झालेलं नाही. तुम्ही रोज किती घेता तो आकडा मला हवाय, कारण अचानक बंद झाली की त्यानंही जीव जातो. तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू दे. आकडा सांगा.”

मी म्हणाले, “बरणी केवढी आहे ते बघावं लागेल.”

ती हसली नाही. तिनं लिहून घेतलं.

दत्ता कागद घेऊन आला तेव्हा तिनं त्याला माझ्यासमोरच सांगितलं. तो चक्क हसला. “डॉक्टर, फाईल बदलली असंल तुमची. ही पीत न्हाई. आमच्या घरात मीसुदिक पीत न्हाई.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. त्याला उत्तर मिळालं.

नऊ दिवस

नऊ दिवस तिथे होते. तिसऱ्या दिवशी चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. मी त्या झटकत होते आणि त्या माझ्या बाहीत शिरत होत्या. मी सलाईनची सुई उपसली म्हणून माझे हात पट्टीनं खाटेला बांधले. तिथली आया चादर बदलताना म्हणाली, “माझा नवरा पिऊन मेला. त्याचं सगळं काढलं. आता बायांचंबी काढायचं व्हय.” चादर तिनं माझ्या अंगाखालून अशी ओढली की मी कठड्यावर आदळले. तिच्यावर मी फार दिवस दात धरून होते. आता नाही धरत, पण तिचं बरोबर होतं असंही म्हणणार नाही.

शेजारच्या खाटेवर सुदुंबऱ्याच्या एक मावशी होत्या, पित्ताशयात खडे झालेल्या. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू गेलेलं. रोज सकाळी त्या स्टूल ओढून माझ्यामागे बसायच्या आणि माझे केस विंचरायच्या, कारण माझ्या हातात फणी टिकत नव्हती. नऊ दिवसांत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. त्या नऊ दिवसांतली चांगली म्हणावी अशी हीच एक गोष्ट.

पाचव्या दिवशी माझी मुलगी सोनाली आली. ती चिंचवडला असते. तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण, त्यामुळे माहेरी येणार हे ठरलेलं. दत्तानं तिच्यासाठी आतली खोली रंगवूनसुद्धा घेतली होती.

तिनं मुगाच्या खिचडीचा डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलली. “मी बाळंतपणाला येणार नाही. सासूबाईंना सांगितलंय, आईची तब्येत बरी नाही. खरं सांगितलेलं नाही. ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.”

“बस तरी.”

“नको. मला इथला वास सहन होत नाही.”

ती गेली. खिचडी मी खाल्ली नाही.

पहिला गुरुवार

घरी सोडताना डॉक्टरनं एक चिठ्ठी दिली. लोणावळ्यातल्या एका बालवाडीची खोली, दर गुरुवारी संध्याकाळी सहा. दारू सोडणारे लोक जमतात, फी नाही, नाव लिहून घेत नाहीत. दत्ता मला मोटरसायकलवर घेऊन गेला आणि बाहेर थांबला. मी पळून जाऊ नये म्हणून थांबला, सोबत म्हणून नाही.

आत भिंतीवर अननस-आंब्याचे तक्ते. मुलांच्या बुटक्या खुर्च्या कोपऱ्यात रचलेल्या. सतरंजीवर अकरा पुरुष. दारातच एकानं मला अडवलं. “ताई, घरच्या माणसांची बैठक दुसऱ्या शनिवारी असती. मालकांना आत पाठवा.”

“मालक पीत नाहीत,” मी म्हणाले. “मी पिते.”

एक जण हसला. विलास त्याचं नाव, टॅक्सी चालवतो, पर्यटकांना पॉइंट दाखवतो. शेजारच्याला म्हणाला, पण मला ऐकू येईल असं, “आता बायाबी. बाईमाणसाला कसलं आलंय व्यसन. चार गुरुवार टिकली तर सांगा मला.”

रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे तिथे सगळं बघायचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. ते म्हणाले, “विलास, तुजी पाळी न्हाई. गप बस.” मग माझ्याकडे न बघताच, “बस बाई. बोलायचं तर बोल, न्हाई तर नको.” माझी बाजू घेतली असं नव्हे. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

एकेक जण बोलत गेला. बायकोचा हात मोडला, बायकोच्या पोटात लाथ मारली, बायको पोरं घेऊन माहेरी गेली. बोलताना रडायचे, बाकीचे मान हलवायचे. मी विचार करत होते, मी कोणाचा हात मोडला? मी यांच्यात काय करतेय? आणि यातला प्रत्येक जण रडून मोकळा होऊन घरी जाणार, तिथे तीच बायको त्याला ताट वाढणार. माझं ताट कोण वाढणार होतं? मी मधूनच उठले.

“झालं?” दत्तानं विचारलं.

“झालं. मी परत येणार नाही.”

पुढच्या सोमवारी बंगल्यावर मी बरणी काढली. दवाखान्यातून सुटून महिना व्हायचा होता. हे लपवायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

बरणी घरात

दत्ताला कळायला दोन आठवडे लागले. तो बंगल्यावर कधी येत नसे. त्या दिवशी आला, कोठीची खोली उघडली आणि बरणी उचलून घरी घेऊन आला. फोडली नाही. घराच्या मधोमध ठेवली आणि समोर बसला.

“ही कुटं ठिवू सांग.”

मी बरणीचं झाकण घट्ट बसवलं.

“पिणाऱ्याला मी आयुष्यभर नावं ठिवली. माज्या सख्ख्या भावाला दारात उभा केला न्हाई. आता तुला कुटं उभी करू?”

“डॉक्टर म्हणतात आजार आहे.”

“आजार कसला. आजार कुणी बरणीत भरून ठिवतं का?”

मला त्याचा भयंकर राग आला. राग याचा की त्याचं बोलणं मला खोडता येईना. घरात त्याच्यासमोर बसण्यापेक्षा ते अकरा जण परवडले. म्हणून मी पुढच्या गुरुवारी गेले. दुसरं कारण विलास. त्यानं चार गुरुवार म्हटले होते.

बरी व्हायला मी गेलेच नव्हते. त्यांना खोटं पाडायला जात होते. राग हेच त्या दिवसांतलं माझं खाणं-पिणं होतं. पाचव्या गुरुवारी मी मुद्दाम विलाससमोर बसले. “विलासभाऊ, पाच झाले.”

“मोजताय व्हय,” तो म्हणाला. “मोजत्यात त्येच पडत्यात.”

मग त्याची बोलायची पाळी आली. टॅक्सीच्या स्टेपनीखाली तो क्वार्टर लपवायचा. गिऱ्हाइकाला पॉइंटवर सोडलं की मागे जाऊन घ्यायचा, वर बडीशेप. सहा वर्षं एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही, असं तो अभिमानानं सांगत होता. ऐकताना मला किळस आली. त्याची नाही. हा माणूस माझी बरणी सांगत होता, आणि सांगताना माझ्यासारखाच चेहरा करत होता.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. बरणी, मिसरी, माळ, सगळं. संपल्यावर एक जण हळहळला, “नवऱ्याला काय वाटलं असंल बिचाऱ्याला.”

मी म्हणाले, “इथे पाच गुरुवार बसतेय. तुमच्या बायकांना काय वाटलं असेल, हे कोणी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.”

आबा म्हणाले, “न्हाई विचारलं. ही म्हणती ते बराबर हाय.” आणि पुढच्याला पाळी दिली.

बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. “ते बंगल्याचं काम सोड.”

“मग दुसरं काम तुम्ही देणार का?”

“मी कुटनं देऊ? सोड म्हणतो. ऐकायचं तर ऐक.”

नाही ऐकलं.

फाटकापाशी

तीन महिने झाले असतील. विलास दोन गुरुवार आला नाही. आबा म्हणाले, येईल. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करते. तो पुन्हा पिऊन पडला असेल आणि मी उभी आहे, याचं बरं वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी पाहुणे गेले. मी बाटल्या मोरीत ओतत होते. ते मी नाक दाबून करायचे, तोंडानं श्वास घेत. फाटक वाजलं. बाहेर विलास, त्याची टॅक्सी रस्त्यात वाकडी उभी. दाढी वाढलेली, शर्ट तीन दिवसांचा.

“पाव्हणे गेले न्हवं?”

“गेले.”

“मग एक दे. तुज्याकडं पडल्यात, मला ठावं हाय.”

माझ्या हातात तेव्हाही बाटली होती, अर्धी. गजाच्या फाटकातून त्याला ती दिसत होती. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा बघून मला दया आली नाही. मनात आलं, दोन पेले काढावेत. एक त्याला, एक मला. मग त्यानं कोणाला सांगितलं तरी त्याचंही नाव येईल, आणि दोघंही गुरुवारपासून सुटू. हे सगळं एका दमात मनात आलं. तोंडाला पाणीसुद्धा सुटलं.

“दे की गं. तू काय देवी लागून गेलीस? तुला काय मी वळखत न्हाई?”

मी बाटली फाटकाच्या आतल्या गुलाबाच्या वाफ्यात उलटी केली. त्याच्या डोळ्यांसमोर, शेवटचा थेंब पडेपर्यंत. त्यानं मला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही, त्यातली एक माझ्या आईवर होती. फाटकावर लाथ मारली, गाडीत बसला आणि गेला. मी आत जाऊन उरलेल्या चार बाटल्या रिकाम्या केल्या, मोरी धुतली आणि मोरीतच बसून राहिले. चांगलं काम केलं असं वाटलं नाही. तो त्या अवस्थेत घाटात गाडी घालेल, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. आबांना फोन केला. ते त्याच्या घरी जाऊन बसले, एवढं नंतर कळलं.

संध्याकाळी मालकांना मुंबईला फोन करून सांगितलं की मी काम सोडते. कारण विचारलं तर खरं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं माझ्या घरात हे चाललं होतं.” मी म्हणाले, “हो, तुमच्याच घरात.” चावी शेजारच्या बंगल्याच्या माळ्याकडे ठेवली. आता मी एका शाळेच्या वसतिगृहात पोळ्या करते. तिथे मागे फक्त खरकटं उरतं.

गुरुवारी विलास आला. सतरंजीच्या टोकाला बसला. पाळी आल्यावर म्हणाला, “मी हिच्या दारात गेलतो मागायला. हिनं दिली न्हाई. वाफ्यात वतली माज्यासमोर. मला तिचा लय राग हाय. अजून हाय.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “मलाही याचा राग आहे.”

“असूं द्या,” आबा म्हणाले. “फुडचा कोण?”

विलास अजून येतो. त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागलं. माझ्याकडे बघून तो हसत नाही, मीही हसत नाही. आम्ही बाहेर एकमेकांशी बोलत नाही. पण गुरुवारी तो दिसला नाही तर मी दाराकडे बघत राहते, आणि मला वाटतं तोही बघत असावा.

सोनाली

तिला मुलगी झाली. बाळंतपण सासूनं केलं. बारशाला मला बोलावलं, कारण आजी नसती तर लोकांनी विचारलं असतं. बाळ सगळ्या बायकांच्या मांडीवरून फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा सोनाली म्हणाली, “तिला भूक लागलीये,” आणि उचलून आत घेऊन गेली. मी हात पुढे केले होते ते तसेच मागे घेऊन पदर सारखा केला. कोणाच्या लक्षात आलं नाही, दत्ताच्या आलं. घरी आल्यावर चहा त्यानं केला. लग्नानंतर पहिल्यांदा केला आणि वाईट केला.

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा सोनाली एक दिवसासाठी कुरवंड्याला आली. जावई कामावर, दत्ता ड्यूटीवर, घरात आम्ही तिघीच. पोरगी रांगत सुटलेली, जे दिसेल ते तोंडात घालणारी. सोनालीला आंघोळ करायची होती. ती मुलीला कडेवर घेऊन बराच वेळ मोरीच्या दारात उभी राहिली. मग माझ्याकडे आली.

“आई, तोंड उघड.”

“काय?”

“तोंड उघड. श्वास सोड.”

ती माझ्यापेक्षा उंच आहे. मान वाकवून तिनं नाक माझ्या तोंडाजवळ आणलं, दूध नासलंय का बघतात तसं. तिच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. जिला मी जन्म दिला तिनं माझं तोंड हुंगावं. मी श्वास सोडला.

“परत.”

परत सोडला.

तिनं मुलगी माझ्या हातात दिली. जड होती, मला वाटलं त्यापेक्षा खूपच जड. “दहा मिनिटांत येते,” सोनाली म्हणाली. “बाहेरचं दार उघडं ठेव, शेजारणींना दिसू दे.”

मी दार उघडं ठेवलं.